करंटी

"मॅडम, एखाद्या माणसाच्या अंगात करंट असू शकतो का?"

दुपारच्या शंकांच्या तासाला ती शेवटपर्यंत थांबली होती. बाकीची मुलं आपापली गणितं सोडवून घेऊन गेली, शिपायानं अर्ध्या ट्यूबलाइट बंद केल्या, तरी ती मागच्या बाकापाशी उभीच. जवळ बोलावलं तर टेबलापासून हातभर लांब थांबली. दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत आत ओढून घेतलेले. मला वाटलं, पोरीला थंडी वाजतेय.

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. त्याआधी बरीच वर्षं नांदेडला ज्युनिअर कॉलेजात होते. लग्न केलं नाही. त्यामागं काही मोठी गोष्ट नाही, राहून गेलं. आधी आई गेली, मग बाबा गेले. भाऊ बंगळुरूला असतो. चांगला आहे, सणावाराला न चुकता फोन करतो. बाबा गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की तेवढाच काय तो आवाज. म्हणून लातूरच्या क्लासवाल्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. वाटलं, तिथं पोरांची गर्दी आहे, आपलाही वेळ जाईल.

गर्दी खरंच होती. गल्लोगल्ली पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं, मेसच्या दारात रांगा, हॉस्टेलच्या पाट्या. दिवसभर मी माइकवर बोलत असते. समोरचे चेहरे शेवटच्या बाकापर्यंत मला नीट दिसतही नाहीत. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत परतते तेव्हा घसा दुखत असतो, पण आज आपण कुणाशी बोललो असं वाटत नाही.

"कुणाच्या अंगात करंट?" मी विचारलं.

"माझ्या."

ती जळकोटकडच्या एका खेड्यातली. बारावीनंतर मेडिकलची परीक्षा एकदा देऊन झाली होती. थोडक्यात हुकली, म्हणून आणखी एक वर्ष थांबलेली. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी पुढं निघून गेल्या होत्या आणि ही एका मुलींच्या हॉस्टेलात नव्या पोरींबरोबर राहत होती.

"दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो," ती सांगू लागली. "पलंगाला लावला की चटका. परवा एकीच्या हाताला हात लागला तर ती किंचाळलीच. झोपताना ब्लँकेट ओढलं की चर्र चर्र वाजतं, ठिणग्याबी दिसत्यात. सगळ्याजणी मला करंटी म्हणायल्यात, मॅडम."

पोरींनी तो शब्द 'करंट'वरूनच केला असणार. त्या वयात अशी टोपणनावं बसल्या जागी तयार होतात. पण आपल्याकडं करंटी कुणाला म्हणतात हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. फुटक्या कपाळाची. जिथं जाईल तिथलं वाटोळं करणारी. आधीच वर्ष वाया गेलेल्या पोरीला कुणी उठता-बसता या नावानं हाक मारली तर तिचं काय होईल?

"चेष्टेत म्हणत असतील."

"आधी चेष्टाच होती. मग जेवताना ताट हातात देईनात, लांबनं सरकवायल्या. माझा पलंग खिडकीकडं लोटला. आता बाजूला कुणी बसत न्हाई. मीच कुणाला हात लागू नये म्हणून अशी..." तिनं बाह्यांत दडवलेले हात दाखवले.

"तू स्थितिक विद्युत शिकलीस ना? माझ्याच वर्गात. घर्षणानं विद्युतभार तयार होतो..."

"हाव. पाठ हाय."

"मग?"

"पण ते काचेच्या कांडीला आन् रेशमाला होतं ना, मॅडम."

मला हसूही येईना. आम्हीच तर वर्षानुवर्षं या मुलांच्या हातात पुस्तकातली काचेची कांडी आणि रेशमाचं कापड दिलेलं. त्यांच्यातल्या एकानं तरी कधी काचेची कांडी पाहिली असेल का?

मी तिला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. तिच्या अंगावरचा स्वेटर बाजारात मिळतो तसला कृत्रिम लोकरीचा. हॉस्टेलातलं ब्लँकेट फरचं. क्लासच्या, मेसच्या खुर्च्या प्लास्टिकच्या. पायात रबरी चप्पल. मी तिला एकेक विचारत गेले आणि ती मान हलवत गेली.

"आणि हवा बघ. ओठ फुटलेत ना तुझे? माझेही फुटलेत. इथला हिवाळा असा कोरडा. हवेत ओल असली की अंगावरचा भार हळूहळू निघून जातो, आपल्याला कळतही नाही. कोरड्या हवेत तो अंगावरच साचून राहतो. लोखंडाला नाहीतर दुसऱ्या माणसाला हात लागला की एकदम उडी मारतो. पावसाळ्यात बसले होते का असे चटके?"

तिनं आठवून पाहिलं. "न्हाई."

"मग आता ऊठ. पाठ खुर्चीला घासत ऊठ आणि तुझं बोट माझ्या बोटाला लाव."

ती नको नको म्हणत होती. मी बोट पुढं धरूनच ठेवलं. शेवटी तिनं बाहीतून हात काढला आणि माझ्या बोटाजवळ आणला. टच्‌ असा आवाज झाला, चांगला सणसणीत चटका बसला. "आई गं!" म्हणत मी हात झटकला आणि मला हसू फुटलं. तिचे डोळे मात्र भरून आले.

"अगं, रडतेस काय! पुन्हा लाव."

"नको."

"लाव म्हणते ना."

तिनं लावलं. काहीच झालं नाही. मी तिचं मनगट धरलं, पंजा धरला. काही नाही.

"साचलं होतं तेवढं गेलं," मी म्हटलं. "भिंतीतल्या तारेतली वीज वेगळी. तिच्यामागं पुरवठा असतो. तिला वाट मिळाली की ती येतच राहते, आपण सुटेपर्यंत. नुसत्या व्होल्टला घाबरू नको. तुझ्या अंगावर हजारो व्होल्ट असतील, पण माल चिमूटभर. माडीवरून डोक्यावर एक थेंब पडला तर माणूस दचकतो, पण वाहून जातो का? आणि ओढ्याला नुसतं कमरेइतकं पाणी आलं तर?"

"वाहून जातो."

"मग तुझ्या अंगात काय आहे? ओढा का थेंब?"

"थेंब," ती म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदाच ती थोडी हसली.

तिनं हात मागं घेतला नव्हता. मीही सोडला नाही. तिला गेले कित्येक दिवस कुणी शिवलं नव्हतं, हे तिनं मला सांगितलंच होतं. माझ्या हाताला शेवटचा कुणाचा हात लागला होता ते मला आठवेना. कंडक्टरनं सुटे पैसे दिले होते, तेवढाच बहुतेक.

तिनं दप्तर उचललं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाकीचं समजलं, मॅडम. पण नळाचं मग काय?"

"कुठल्या नळाचं?"

"बाथरूमातला. सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठते, अंघोळीला पहिली जाते. गरम पाण्याचा नळ धरला की मुंग्या येतात."

"एकदाच चटका बसतो की धरून ठेवलं तरी येत राहतात?"

ती विचारात पडली. "येतच राहतात. काल तर बोटं वाकडी व्हायलती. सोडवून घेतला हात. बाकीच्या चपला घालून जातात, त्यांना थोडं थोडं लागतं. त्या म्हणतात, तू आधी हात लावलास, तुझा करंट नळात उतरला."

मी खुर्चीवरून उठले. हिवाळा दोन्ही गोष्टी एकदमच घेऊन आला होता. कोरडी हवाही आणि गिझरही. पोरींनी दोन्हींना एकच नाव दिलं होतं आणि ते हिच्या कपाळी चिकटवलं होतं. त्या नावाआड कुणालाही दिसत नव्हतं की रोज पहाटे ही पोरगी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून खऱ्या विजेला हात लावतेय.

"चल," मी म्हटलं. "आत्ताच चल."

आम्ही रिक्षा केली. वाटेत एका इलेक्ट्रिकच्या दुकानापुढं थांबवून मी एक टेस्टर घेतला. रिक्षात ती माझ्याकडं बघत होती. टेस्टर मी लगेच पर्समध्ये टाकला. तिला घाबरवायचं नव्हतं.

हॉस्टेल चालवणाऱ्या काकू खालच्या मजल्यावर राहत. विधवा बाई, एका मुलीची आई. नवऱ्याच्या मागं त्यांनी घरावर मजला चढवून हॉस्टेल काढलं होतं. दारात मला पाहिल्यावर त्यांना वाटलं, पोरीची तक्रार घेऊन आलेय.

"मी तिच्या आईला फोन करून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तिला एकदा माहूरच्या देवीला नेऊन आणा. पोरी घाबरायल्यात हो. अभ्यासाचं वर्ष आहे सगळ्यांचं."

"काकू, मला वरचं बाथरूम दाखवता का? गिझर असलेलं."

"गिझरला काय झालं? चांगला चालतोय की."

त्या कुरकुरतच वर आल्या. खोल्यांतून पोरी डोकावू लागल्या. मी गिझर चालू करायला सांगितला, पायात त्यांची जाड रबरी चप्पल घातली आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. टेस्टरमधला छोटा दिवा लागला.

पोरी दारात गोळा झाल्या होत्या. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "ती आलीय ना, म्हणून."

मी वळून माझ्याबरोबर आलेल्या पोरीला म्हटलं, "तू जिन्यापाशी जाऊन उभी राहा. लांब."

ती गेली. वरांड्याच्या पार टोकाला, दप्तर छातीशी धरून उभी राहिली. मी पुन्हा टेस्टर टेकवला. दिवा लागला. मग काकूंना गिझर बंद करायला सांगितला. दिवा गेला. पुन्हा चालू केला, पुन्हा लागला.

"ती तिथं उभी आहे," मी पोरींना म्हटलं. "मग हा करंट कुणाचा?"

या सगळ्या पोरींना विजेची अवघडातली अवघड गणितं सोडवता येत होती. त्यातल्या दोघी-तिघी माझ्याच वर्गातल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या.

काकूंनी गिझरचं बटण बंद केलं आणि चौकातला इलेक्ट्रिशियन बोलावून आणला. त्यानं गिझर उघडला. आतलं कॉइल फुटलं होतं. अर्थिंगची तार बोर्डामागं नुसतीच लोंबत होती, जोडलेली कुठंच नव्हती. घरातली पाइपलाइन जुनी, लोखंडी. गळणारी वीज त्या वाटेनं थेट नळापर्यंत येत होती.

"रोज कोण धरत होतं हा नळ?" त्यानं विचारलं.

काकूंनी वरांड्याच्या टोकाकडं बोट दाखवलं. त्यानं तिकडं पाहिलं, मग फरशीवरच्या पाण्याकडं पाहिलं. "एखाद्या दिवशी नीट धरला असता, तर..." एवढं म्हणून त्यानं पकड उचलली आणि कामाला लागला.

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या. "माझी पोरगीबी इथंच अंघोळ करते हो सुट्टीच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मला काहीच कळलं नाही. मला वाटलं, हिच्यातच काही आहे." मी त्यांच्याशेजारी बसले. सगळं घर एकटीनं ओढणारी बाई ती. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या मजल्यांचं अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं.

मला वाटलं होतं, आता पोरी तिला जवळ घेतील. तसं झालं नाही. एक मुलगी येऊन "सॉरी" म्हणाली आणि ताट हातात देऊ लागली. बाकीच्या मात्र आणखीच लांब झाल्या. आधी त्यांना तिच्या हाताची भीती वाटायची, आता तिच्या नजरेला नजर द्यायला नको वाटत होतं. करंटी म्हणणं बंद झालं, पण त्या नावाच्या जागी दुसरं नावच आलं नाही. तिला हाकच मारायचं थांबलं. हे तिनं मला पुढच्या शंकांच्या तासाला सांगितलं, एखाद्या गणिताचं उत्तर सांगावं तसं. मग ती रोजच शेवटपर्यंत थांबू लागली. कधी शंका असायची, कधी नसायची. मी डबा उघडायचे, ती तिचं सफरचंद कापायची. फार बोलायचो असंही नाही.

संक्रांतीच्या सुट्टीआधी तिची आई आली. पोरीबरोबर माझ्या खोलीवर आली, पिशवीत हरभऱ्याचे ढाळे घेऊन. खुर्चीवर बसायला तयार होईना, भिंतीला टेकून खालीच बसली.

"फोनवर तिनं तो शब्द सांगितला तवा मला झोप आली न्हाई," ती म्हणाली. "हिचे वडील गेले तवा ही मांडीवर होती. सासू मला तेच म्हणायची. करंटीनं पोरगा खाल्ला माझा. जलमभर ऐकलं. आता लेकीच्या मागं लागलं म्हणून जीव उडाला." मग तिनं विचारलं, "आता तर म्हणणार न्हाईत ना कुणी?"

"नाही म्हणणार," मी म्हटलं. म्हणताना माझी मलाच खात्री नव्हती.

"हॉस्टेलच्या बाई म्हणल्या, माहूरला न्या. नेऊ का नको?"

"देवीला जायला मी नको कशाला म्हणू? पण तिच्या अंगातलं काही काढायला म्हणून नेऊ नका. तिच्या अंगात काहीसुद्धा नाही."

"तसं न्हाई ओ, बाई. म्या देवीला जाते ते बोलाया. मनातलं समदं सांगते आन् येते. घरी कोण हाय ऐकायला? ही इथं, मी तिथं." तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "एकटीनं जायचं जिवावर येतं. ही संगं असली की बरं."

मलाही त्या सुट्टीत नांदेडला बाबांच्या बंद घरी जायचंच होतं, म्हणून आम्ही तिघी पहाटेच्या एकाच एसटीनं निघालो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. माय-लेकी एकमेकींना टेकून झोपल्या. मी खिडकीशी बसून ज्वारीची रानं बघत होते. नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांना माहूरची गाडी पकडायची होती.

"तुमीबी चला की, बाई," आई म्हणाली. "दर्शन करून उद्या माघारी येऊ."

"घरी कामं आहेत," मी म्हटलं.

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. घरी काहीच काम नाही हे तिला कळलं असावं. त्यांची गाडी लागली, दोघी चढल्या, खिडकीतून आईनं हात हलवला. मी घरी गेले, कुलूप काढलं, धूळ झटकली. दुपार झाली नव्हती तोच सगळं आवरून झालं. त्यांच्याबरोबर का नाही गेले, याचा विचार करत बसले. कुणी आपुलकीनं बोलावलं की आधी तोंडातून 'नाही'च निघतं. एकटं राहायची सवय लागली की असं होतं.

उन्हाळ्यात तिची परीक्षा झाली. मेडिकलला याही वेळी हुकलं. नर्सिंगला मिळालं, तेही नांदेडला. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा रडत नव्हती. "मॅडम, आता मी तुमच्या गावात आले," म्हणाली. मी म्हटलं, आले की भेटू. पण ती नांदेडला आणि मी लातूरला. तिची ड्युटी, माझे तास. आधी आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग सणाला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एकदा भेट झाली. गोदावरीच्या घाटावर चहाच्या टपरीपाशी तिनं बोलावलं होतं. मी आधी पोचले. ती आली ती तीन-चार मैत्रिणींबरोबर, एकमेकींच्या हातात हात घालून, कशावरून तरी खिदळत. सगळ्यांच्या अंगावर स्वेटर होते. मला पाहून ती धावत पुढं आली, वाकून नमस्कार केला, माझे दोन्ही हात धरले.

"ह्या माझ्या मॅडम," तिनं मैत्रिणींना सांगितलं. "मी सांगत असते ना, त्या."

आम्ही चहा घेतला. तिनं वॉर्डातल्या गोष्टी सांगितल्या. पहिल्यांदा इंजेक्शन देताना कशी शीरच सापडेना, एक म्हातारी तिलाच कशी शोधत असते. आई आता महिन्यातून एकदा येते, म्हणाली. मैत्रिणी जरा लांब उभ्या होत्या, मग त्यातल्या एकीनं घड्याळ दाखवलं.

"मॅडम, सिनेमाची तिकिटं काढलीत," ती संकोचून म्हणाली. "थांबू का मी?"

"नाही गं, जा तू. मलाही घरी जायचंय."

ती गेली. घाटाच्या पायऱ्या चढताना एकीनं तिच्या खांद्यावर हात टाकला, तो तसाच राहिला. त्या वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते. मला खरोखर बरं वाटत होतं. बाकावर मात्र आता मी एकटीच होते, आणि पाण्यावरून येणारा वारा गार लागत होता.

मग मी रिक्षा करून घरी आले. कुलूप काढत होते तेव्हा शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "कधी आलात? राहणार आहात ना दोन दिवस?"

"उद्या सकाळच्या गाडीनं जाते," मी म्हटलं, आणि दार उघडलं.